जबाबदारी सेविकेची, अधिकार कोणाचा?

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणारा रस्ता मुरबाड ओलांडून सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी अशी गावे मागे टाकीत सह्याद्रीच्या पायथ्याशी पोचतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला ही गावे दिसतात. परंतु रस्त्यापासून आत, ओढ्यापलीकडे आणि डोंगराच्या कुशीत वसलेल्या ठाकूर, कातकरी व महादेव कोळी समाजाच्या वाड्या त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. शेजारच्या शहापूर तालुक्याची स्थितीही फारशी वेगळी नाही. भातसा, तानसा व वैतरणा यांचे पाणी मुंबईला पुरविणाऱ्या या मुलखातील एखाद्या बाईला दोन मुलांत अंतर ठेवावेसे वाटले, तर तिने कोणाकडे जावे? प्रश्न साधा आहे आणि त्याचे उत्तरही साधे असावयास हवे: जवळच्या उपकेंद्रातील नर्सबाईकडे. व्यवहारात मात्र हे उत्तर अर्धेच खरे ठरते.

समजा, अशाच एखाद्या वाडीवरची बावीस वर्षांची बाई मुलाला गोवराची लस देण्यासाठी उपकेंद्रात आली आहे. नर्सबाई मुलाला लस टोचते, आईचा रक्तदाब मोजते, बोटातून थेंबभर रक्त काढून हिमोग्लोबिन पाहते. बोलता बोलता बाई सांगते, की दुसरे मूल इतक्यात नको; रोजची गोळी लक्षात राहत नाही, आणि एका खोलीच्या घरात ती ठेवावी कोठे हीही अडचणच; तीन महिन्यांचे इंजेक्शन मिळते म्हणतात, ते द्या. नर्सबाईने आजवर हजारो इंजेक्शने दिलेली असतात. तरीही तिला सांगावे लागते, की पहिले इंजेक्शन डॉक्टरांनी तपासल्यावाचून देता येत नाही, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ये. बाई मान हलविते, मूल कडेवर घेते आणि निघते. आरोग्य केंद्रात जावयाचे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवावयाची, जीपचे भाडे भरावयाचे आणि घरी सासूला कारण सांगावयाचे. या तिहींपैकी कोणतीही एक अडचण तिला अडविण्यास पुरेशी असते. पुढच्या खेपेस ती उपकेंद्रात येते तेव्हा बहुधा पुन्हा गरोदर असते.

केंद्र शासनाने २०१७ मध्ये ‘अंतरा’ हे त्रैमासिक इंजेक्शन आणि ‘छाया’ ही गोळी आपल्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात आणली. ‘छाया’ हे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे देणे. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा व पुढे एकदा घ्यावयाची ही गोळी संप्रेरकविरहित आहे. इंजेक्शनासाठी २०१६ मध्ये जी मार्गदर्शिका निघाली तिने कामाची अशी वाटणी केली, की पहिली मात्रा प्रशिक्षित एम.बी.बी.एस. डॉक्टरने तपासल्यानंतरच द्यावी. पुढील मात्रा परिचारिका किंवा आरोग्य सेविका देऊ शकेल. या वाटणीचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. दुसरी मात्रा सेविका देऊ शकते, म्हणजे सुई टोचण्याचे तिचे कौशल्य शासनाला मान्य आहे. अविश्वास आहे तो तिच्या निर्णयशक्तीविषयी.

तांबीची कथा याच्या उलट आहे. प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्य सेविकेला तांबी बसविण्याची मुभा शासकीय सूचनांनी फार पूर्वीच दिलेली आहे. परंतु त्यासाठी आडोसा असलेली खोली हवी, टेबल हवे, भरवशाची वीज हवी, निर्जंतुक केलेली हत्यारे हवीत, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अनुभवी हाताखाली केलेला सराव हवा. यांपैकी एक नसले तरी कागदावरील अधिकार कागदावरच राहतो. एकीकडे हाताला कौशल्य आहे पण अधिकार नाही, दुसरीकडे अधिकार आहे पण साधन नाही. सेविकेच्या वाट्याला पूर्णत्वाने आली आहे ती फक्त जबाबदारी.

इतिहासाकडे पाहिले तर संततिनियमनाचे कार्य डॉक्टरांच्या हातून सुरू झालेले नाही, हे आढळून येते. १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात अमेरिकेतील पहिले संततिनियमन केंद्र उघडणाऱ्या मार्गारेट सँगर या परिचारिका होत्या. त्यांना अटक झाली, शिक्षाही झाली. १९१८ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने ती शिक्षा कायम ठेवली, मात्र रोगनिवारणासाठी डॉक्टरांनी असा सल्ला देण्यास कायद्याचा अडथळा नाही, असा निर्वाळा दिला. परिचारिकेने वाट पाडली आणि त्या वाटेवरून चालण्याचा परवाना डॉक्टरांना मिळाला. आपल्याकडे १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारे रघुनाथ धोंडो कर्वे हे तर गणिताचे प्राध्यापक. त्यासाठी त्यांना नोकरीवर पाणी सोडावे लागले. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले आणि अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले. त्यांतील १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध करून द्याव्यात, असा ठराव आंबेडकरांच्या पक्षाच्या वतीने मांडला गेला. तो फेटाळला गेला.

स्वातंत्र्यानंतर शासनाने हे कार्य १९५२ मध्ये स्वतःकडे घेतले, आणि तेथूनच या कार्याचे रूप पालटू लागले. कर्व्यांच्या दृष्टीने संततिनियमन हा स्त्रीच्या सुखाचा व स्वातंत्र्याचा विषय होता. शासनाच्या दृष्टीने तो आकड्यांचा विषय झाला. १९६५ मध्ये ‘लूप’ आला. तो बसविण्याची घाई झाली. बसविल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या, पोटात दुखणाऱ्या बायकांकडे फिरून पाहण्याची घाई कोणालाच नव्हती. परिणामी अफवा पसरल्या आणि एक उपयुक्त साधन बदनाम झाले. पुढे आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने संमत केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, इतकेच. त्या काळात ‘केस’ आणण्याचे उद्दिष्ट नर्सबाईला होते, तसेच तलाठ्याला आणि शिक्षकालाही होते. काही राज्यांत तर उद्दिष्ट पुरे न करणाऱ्या शिक्षकांचे पगार अडविले गेले. शाळामास्तराने मुलांना शिकवावे की त्यांच्या बापांना शिबिरात न्यावे, हा प्रश्न ज्यांनी अनुभवला, त्यांना नर्सबाईची कुचंबणा वेगळी समजावून सांगावयास नको. १९९६ मध्ये साधननिहाय उद्दिष्टे अधिकृतपणे रद्द झाली. परंतु उद्दिष्ट कागदावरून गेले म्हणून वरिष्ठांच्या बैठकीतूनही गेले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

या सर्व वाटचालीची फलश्रुती काय? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात एका स्त्रीमागे सरासरी जननदर १.७ वर आला आहे. म्हणजे लोकसंख्यावाढीचा जो बागुलबुवा दाखवून सक्तीचे समर्थन केले जात होते, तो आता उरलेला नाही. परंतु हा पल्ला गाठला गेला तो कोणाच्या देहावर? राज्यातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्धा टक्कादेखील नाही. बिनटाक्याची पुरुष शस्त्रक्रिया स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची असताना ही स्थिती आहे. त्याच पाहणीत असेही दिसते, की वीस ते चोवीस वयोगटातील पाचांतील एकीहून अधिक मुलींचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झाले होते. लवकर लग्न, लागोपाठ दोन किंवा तीन बाळंतपणे आणि पंचविशीच्या आसपास शस्त्रक्रिया, हा आपल्या ग्रामीण स्त्रीच्या आयुष्याचा आराखडा होऊन बसला आहे. पाळणा थांबविण्याची सोय आपण केली. पाळणा लांबविण्याची सोय मात्र नीट केली नाही. थांबविण्यासाठी सर्जन लागतो, तो शिबिराला येऊन जातो. लांबविण्यासाठी वारंवार भेटणारे, ओळखीचे, विश्वासाचे माणूस लागते, आणि ते माणूस म्हणजे नर्स. शिबिरांचे धोकेही आपण पाहिले आहेत. २०१४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडमध्ये बिलासपूरनजीकच्या शिबिरांनंतर तेरा स्त्रिया दगावल्या; दोन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने शिबिरपद्धती तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

परिचारिकेला हा अधिकार देणे म्हणजे अंधारात उडी, असे कोणी मानू नये. थायलंडने १९७० मध्ये सहायक प्रसविकांना गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याचा अधिकार दिला. त्यांच्या हाती एक तपासणी-यादी दिली: हे प्रश्न विचारा, एवढी तपासणी करा, एखादे उत्तर ‘होय’ आले तर डॉक्टरकडे पाठवा. बांगलादेशातील मतलब येथे १९७७ पासून गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी पाठविण्यात आले; त्या इंजेक्शनही देत. दीड वर्षात तेथे साधने वापरणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या पुढे गेले. याच भागात दोन वर्षांपूर्वी केवळ गोळ्या व निरोध वाटण्याचा प्रयोग झाला होता आणि तो टिकला नव्हता. वस्तू तेव्हाही मिळत होती. त्रास झाल्यास पुन्हा दारात येऊन विचारणारी बाई मिळत नव्हती.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यातील, पुष्कळदा निरक्षर अशा स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बालकांच्या जंतुसंसर्गावर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यास शिकविले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कार्याच्या वृत्तान्ताप्रमाणे नवजात मृत्यूंचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. जन्मून चार दिवस न झालेल्या बालकाला इंजेक्शन देण्याचा विवेक जर गावातली एखादी स्त्री दाखवू शकते, तर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून नोंदणीकृत झालेली सेविका धडधाकट तरुणीच्या बाबतीत तो दाखवू शकणार नाही, हे कोणत्या तर्कात बसते? आपल्याच कार्यक्रमात २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्ती घरपोच गोळ्या देते. तिच्याहून अधिक शिकलेल्या नर्सपाशी आल्यावर मात्र विश्वास एकाएकी आटतो.

या सूचनेवर दोन बाजूंनी आक्षेप येतात, आणि दोन्हींचा विचार गांभीर्याने करावयास हवा. पहिला वैद्यक व्यवसायाचा: रोग्याच्या सुरक्षिततेचे काय? उच्च रक्तदाब, स्तनाचा कर्करोग, कारण न कळलेला रक्तस्राव, बाळंतपणाला सहा आठवडे न झालेली स्तनदा माता, अशा स्त्रियांना हे इंजेक्शन देऊ नये, हे खरेच आहे. परंतु ही यादी प्रश्न विचारून आणि रक्तदाब मोजून पारखावयाची आहे, आणि ती दोन्ही कामे नर्स रोजच करते. शंका आली तर बाईला डॉक्टरकडे पाठविणे हेही तिच्या निर्णयशक्तीचेच काम आहे. डॉक्टरने प्रत्येक निरोगी बाई तपासावी, यापेक्षा नर्सने पाठविलेली शंकास्पद बाई नीट तपासावी, यात त्याच्या विद्येचा अधिक चांगला उपयोग होईल. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१२ च्या आपल्या शिफारशींत परिचारिका व प्रसविका यांनी इंजेक्शन देणे व तांबी बसविणे मान्य केले आहे.

दुसरा आक्षेप स्त्रीसंघटनांचा आहे आणि तो अधिक खोल जाणारा आहे. १९८५ मध्ये आंध्र प्रदेशातील पाटणचेरू येथे ‘नेट-एन’ या इंजेक्शनाच्या चाचणीसाठी गोळा केलेल्या बायकांना पुरेशी माहिती दिलेली नव्हती, हे उघडकीस आले आणि पुढच्या वर्षी स्त्रीसंघटनांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. त्यांचे म्हणणे असे होते, की गोळी बाई स्वतः थांबवू शकते, इंजेक्शन एकदा टोचले की त्याचा परिणाम ओसरेपर्यंत ते तिच्या हाती राहत नाही. जेथे डॉक्टरपुढे बाई बोलू शकत नाही, तेथे ही साधने सत्तेची हत्यारे होतील. हे भय निराधार नव्हते. ‘अंतरा’ने पाळी अनियमित होते, कित्येकींची थांबते, शेवटच्या इंजेक्शनानंतर गर्भ राहण्यास बहुधा सात ते दहा महिने लागतात. हे आधी सांगितले नाही, तर पाळी थांबलेली बाई भेदरते, आणि लवकर मूल हवे असलेली बाई फसविली गेल्याच्या भावनेने पोळते. लूपची पुनरावृत्ती व्हावयास वेळ लागणार नाही.

गडचिरोलीतीलच आणखी एक दाखला येथे ध्यानात ठेवावा. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये दाखवून दिले, की त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता आणि तपासणी पूर्वी कधी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. तेव्हा अंगावर पांढरे जाणाऱ्या बाईची विचारपूस न करता तांबी बसविणे हे पाप ठरेल. परंतु यातून निघणारा निष्कर्ष नर्सला दूर ठेवा हा नव्हे, तिला अधिक शिकवा हा आहे. ही दुखणी बाई सांगते ती नर्सला. पुरुष डॉक्टरसमोर ती मान खाली घालून बसते.

म्हणून अधिकार द्यावयाचा तो सगळा द्यावयास हवा. साधन देण्याचा अधिकार, तसाच ते नाकारण्याचाही; ‘हिला हे साधन सोसणार नाही’ असे वरिष्ठांना ठणकावून सांगण्याचा अधिकार. बाईने मागितल्यास कारणे न विचारता तांबी काढून देण्याचे कर्तव्यही त्यातच आले. उद्दिष्टाच्या दडपणाखालच्या नर्सच्या हाती अधिक साधने देणे घातक आहे; निर्णयाचे स्वातंत्र्य असलेल्या नर्सच्या हाती ती न देणे अन्यायाचे आहे.

मुरबाड-शहापूरच्या संदर्भात याला आणखी एक बाजू आहे. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली, की कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. तीन महिन्यांच्या इंजेक्शनाची तारीख भट्टीवर उजाडते. दोन आठवडे आधी किंवा चार आठवडे उशिरापर्यंत पुढील मात्रा देता येते, एवढी सवलत शास्त्राने ठेवली आहे. पण भट्टीजवळच्या उपकेंद्रातील नर्सने बाईचे कार्ड पाहून ती दिली पाहिजे. ‘तुझे गाव आमच्याकडे नाही’ हे उत्तर तिथे मिळाले, तर साखळी तुटते.

करावयाचे काय, ते फार अवघड नाही. पहिल्या मात्रेसाठी डॉक्टरची अट जेथे जेथे व्यवहारात आहे, तेथे तपासणी-यादीच्या आधारे हा निर्णय प्रशिक्षित आरोग्य सेविका, परिचारिका व समुदाय आरोग्य अधिकारी यांच्याकडे सोपवावा. मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय आणि शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय येथे सेविकांना हाताखाली घेऊन तांबी बसविण्याचा व काढण्याचा सराव द्यावा, आणि तो ठरावीक काळाने तपासावा. सल्ल्यासाठी डॉक्टर दूरध्वनीवर मिळेल अशी व्यवस्था असावी. नियम पाळून केलेल्या कामात गुंतागुंत उद्भवली, तर सेविकेला एकटीला चौकशीपुढे उभे करू नये. डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र हे प्रमाण आहे. त्या तीन हजारांची लसीकरणे, बाळंतपणे, साथी व नोंदवह्या सांभाळणाऱ्या बाईवर नवे काम टाकावयाचे, तर तिची एखादी नोंदवही कमी करण्याचे औदार्यही दाखवावे. आणि तिचे काम मोजावयाचेच असेल, तर किती जणींना सुई टोचली यावरून मोजू नये. किती जणींना सर्व साधने समजावून सांगितली आणि त्रास झालेल्या किती जणींकडे ती फिरून गेली, यावरून मोजावे.

गर्भपाताच्या कायद्याबाबत असाच प्रश्न २०१४ मध्ये उपस्थित झाला होता. परिचारिकांना मर्यादित अधिकार देणारा मसुदा निघाला, वैद्यक संघटनांनी विरोध केला आणि २०२१ च्या दुरुस्तीत तो भाग आला नाही. तो वाद मोठा आहे आणि येथे त्यात शिरण्याचे कारण नाही. परंतु एवढे निश्चित, की नको असलेले गर्भारपण टाळण्याची सोय उपकेंद्रात जितकी चांगली होईल, तितकी त्या वादातील निकड कमी होईल.

कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण उपकेंद्राच्या भिंतीवर रंगविण्यास शासनाला कधी डॉक्टरची आवश्यकता भासली नाही. त्या भिंतीच्या आत बसलेल्या बाईवर विश्वास टाकण्यासच ती का भासावी? बावीस वर्षांची ती आई मूल कडेवर घेऊन दारात उभी असते तेव्हा तिला हवे असते ते एक उत्तर, त्याच दिवशी आणि त्याच ठिकाणी. ते देण्याइतके ज्ञान समोरच्या खुर्चीत बसलेले आहे. अधिकार मात्र अजून वाटेत आहे.